मालकाची वही आणि कामगाराचे बोट



आपल्या घरातील माणूस कामावर जखमी झाला, तर त्या जखमेची सरकारी नोंद कोण करतो, याचा आपण कधी विचार केला आहे काय? जखम कामगाराची. वेदना त्याची. चूल थंड पडते ती त्याच्या घरची. पण ती जखम सरकारी दप्तरात उतरावयाची की नाही, हे मात्र ज्याच्या यंत्राने ती केली त्या मालकाच्या लेखणीवर सोडलेले आहे. मालकाने कळविले तर अपघात घडला. न कळविले तर सरकारच्या लेखी तो घडलाच नाही. चोरीची फिर्याद चोरानेच द्यावी असा नियम केला, तर शहरात चोऱ्या किती झाल्या याचा जो हिशेब निघेल, त्याच तोडीचा हा हिशेब आहे. त्याच हिशेबावरून कायदे होतात, निरीक्षक नेमले जातात आणि ‘आपल्याकडील कारखाने सुरक्षित आहेत’ अशी भाषणेही होतात.

मी नागपुरात वकिली करतो. कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे चालविता चालविता माझी अशी खात्री झाली आहे की, आपल्या माणसांचा पराभव न्यायालयात होत नाही. तो अपघातानंतरच्या पहिल्या तासात, दवाखान्याच्या पहिल्या कागदावर होऊन गेलेला असतो. म्हणून हा लेख मी वकिलांसाठी लिहीत नसून आपल्यासाठी लिहीत आहे.

कायदा काय म्हणतो?

कायद्यात काही नाही असे नव्हे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ८८ व्या कलमाने व्यवस्थापकावर असे बंधन घातले होते की, अपघाताने मृत्यू झाला, किंवा जखमी माणूस अठ्ठेचाळीस तास अगर त्याहून अधिक काळ काम करू शकला नाही, तर त्याने ठरलेल्या अधिकाऱ्याकडे सूचना पाठविलीच पाहिजे. ८९ व्या कलमाने व्यवसायजन्य रोगांची सूचना आवश्यक केली होती. त्या रोगांची यादी तिसऱ्या अनुसूचीत होती व तीत एकोणतीस रोग होते. शिसे, पारा, मँगनीज यांची विषबाधा, सिलिकोसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, यंत्रांच्या गोंगाटाने येणारा बहिरेपणा हे त्यांपैकी काही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० ही अमलात आली. तिच्या दहाव्या, अकराव्या व बाराव्या कलमांत हीच व्यवस्था थोड्याफार फरकाने पुढे चालू आहे. अठ्ठेचाळीस तासांची अटही तशीच आहे.

आता या अटीकडे वकिलाच्या दृष्टीने पाहा. ‘अठ्ठेचाळीस तास काम करू शकला नाही’ या शब्दांतच पळवाट आहे. हाताला पट्टी बांधलेल्या माणसास दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवावयाचे, फाटकापाशी स्टुलावर बसवावयाचे, हजेरीपटावर त्याची सही घ्यावयाची, आणि म्हणावयाचे की हा तर कामावर हजर आहे! माणसाचे बोट तुटलेले आहे, पण हजेरीपट सांगतो की तो धडधाकट आहे. मग सूचना कसली पाठवावयाची?

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात याहूनही विचित्र गोष्ट होती. त्याच्या सोळाव्या कलमाखाली मालकांकडून वार्षिक विवरण मागविण्याचा अधिकार सरकारला होता. पण विवरण कशाचे? ज्या इजांबद्दल मालकाने भरपाई दिली त्यांच्या संख्येचे! म्हणजे ज्या इजेबद्दल मालकाने एक पैसाही दिला नाही, ती इजा विवरणात येण्याचे कारणच उरले नाही. ज्याने अधिक माणसे उपाशी ठेवली, त्याचे विवरण अधिक स्वच्छ. शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार कायद्याच्या पुस्तकातून गेला, तरी कारभाराच्या अंगवळणी तो अद्याप आहे.

एका बोटाची हकीकत

एक प्रकरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण तो मुलगा आजही मजुरी करून पोट भरतो.

नागपूरच्या एका औद्योगिक वसाहतीत पत्रे कापण्याची एक लहान कर्मशाळा होती. यंत्रांवर बावीस-तेवीस माणसे राबत, पण हजेरीपटावर नावे होती आठ. बाकीचे ‘ठेकेदाराचे’. हजेरीपटावर आठच, म्हणून कामगार विमाही नाही. आपल्या समाजातील विशीतला एक मुलगा तेथे प्रेस यंत्रावर होता. उत्पादन लवकर व्हावे म्हणून यंत्राची जाळी काढून ठेवलेली होती. एके दिवशी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालकाने त्याला आपल्याच गाडीत घालून एका खासगी दवाखान्यात नेले, सर्व खर्च केला, वर घरी धान्यही पाठविले. आईने मालकाला हात जोडले. ती म्हणाली, “साहेब देवमाणूस आहेत.”

दवाखान्याच्या कागदावर मालकाने लिहवून घेतले होते: ‘घरी दरवाजात हात सापडून दुखापत.’ वाटेत त्याने मुलाला समजाविले होते की, कारखान्याचे नाव घेतले तर पोलीस येतील, कारखाना बंद पडेल, मग तुला जन्मभर काम कोण देणार? मुलाने मान डोलावली. तीन महिन्यांनी त्याला घरी बसविण्यात आले. तेव्हा ती मायलेकरे माझ्याकडे आली.

आम्ही दावा लावला. विरुद्ध पक्षाच्या वकिलाने एकच कागद पुढे केला, तो दवाखान्याचा. हजेरीपटावर मुलाचे नाव नाही. कारखान्यातून सूचना गेलेली नाही. आणि त्याच्या स्वतःच्या तोंडचे निवेदन सांगते की इजा घरी झाली. ज्या सोबत्याने यंत्र थांबवून त्याचा हात सोडविला होता, तो साक्षीच्या पिंजऱ्यात म्हणाला, “मला आठवत नाही.” त्याला मी दोष देत नाही, त्यालाही दोन लेकरे होती. शेवटी मुलाने तडजोड स्वीकारली. जे मिळाले ते बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडण्यात गेले.

त्यानंतर मी माहितीच्या अधिकाराखाली संबंधित कार्यालयास विचारले की, त्या वर्षी त्या कर्मशाळेतून अपघाताच्या किती सूचना आल्या? उत्तर आले: एकही नाही. उत्तर खोटे नव्हते. खरोखरच एकही सूचना आलेली नव्हती. त्या वर्षीच्या सरकारी आकड्यांत तो कारखाना निर्दोष आहे. आणि ती दोन बोटे कोठेच नाहीत.

आकडे काय बोलतात?

वाचक म्हणतील, एका प्रकरणावरून सर्व देशाचा निष्कर्ष कसा काढता? रास्त आहे. तर मग सरकारचेच आकडे घेऊ. केंद्राच्या कारखाना सल्ला सेवा व श्रमसंस्था महासंचालनालयाकडे राज्यांकडून जी माहिती येते, तिच्याप्रमाणे २०१७ ते २०२० या वर्षांत देशातील नोंदणीकृत कारखान्यांत दर वर्षी सरासरी सुमारे अकराशे कामगार मेले आणि चार हजारांहून थोडे अधिक जखमी झाले. हा हिशेब पुन्हा वाचा. एका मृत्यूमागे जखमी जेमतेम चार.

आता ब्रिटनकडे पाहा. तेथे २०२२-२३ या वर्षात कामावर १३५ कामगार मेले आणि मालकांनी सरकारला कळविलेल्या इजा होत्या ६०,६४५. म्हणजे एका मृत्यूमागे सुमारे साडेचारशे इजा. शिवाय तेथील अट आपल्यापेक्षा सैल आहे. कामगार सात दिवसांहून अधिक काळ कामाबाहेर राहिला तरच बहुतेक इजा कळवावयाच्या असतात. आपल्याकडे दोन दिवसांची अट असूनही चार, आणि त्यांच्याकडे सात दिवसांची अट असूनही साडेचारशे! दोन्ही देशांतील उद्योग सारखे नाहीत हे मला मान्य आहे. पण एवढा फरक उद्योगांच्या भिन्नतेने पडत नाही. यातून दोनच अर्थ निघू शकतात. एक तर आपल्याकडील यंत्रे इतकी दयाळू आहेत की ती माणसाला जखमी करीतच नाहीत, एकदम ठारच करतात. नाही तर आपल्याकडे प्रेत लपविता येत नाही म्हणून मोजले जाते आणि जखम लपविता येते म्हणून ती लपविली जाते. यांपैकी खरा अर्थ कोणता, हे आपल्या मोहल्ल्यातील कोणत्याही आईला विचारा.

ब्रिटनमध्ये आणखी एक गोष्ट होते. तेथील सरकार केवळ मालकाच्या कागदावर विसंबून राहत नाही. ते घरोघरी पाहणी करून कामगारालाच विचारते की, गेल्या वर्षात तुला कामावर इजा झाली काय? त्याच २०२२-२३ या वर्षी अशा पाहणीतून ५,६१,००० इजांचा अंदाज निघाला. या पाहणीत लहानसहान इजाही येतात, म्हणून हे दोन आकडे तंतोतंत ताडून पाहता येणार नाहीत. तरी धडा स्पष्ट आहे. मालकाला विचारले की एक उत्तर येते, कामगाराला विचारले की दुसरे येते. आपल्या सरकारने दुसऱ्याला विचारण्याची तसदीच घेतलेली नाही.

मोठा आवाज आणि मुका रोग

आपल्या जिल्ह्याने आणि शेजारच्या जिल्ह्याने अलीकडे मोठे घात पाहिले. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार ठार झाले. त्यांपैकी सहा स्त्रिया होत्या. १३ जून २०२४ रोजी धामण्याच्या स्फोटक कारखान्यात पुन्हा तेच घडले. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ जणांचे प्राण गेले. अशा घटना लपत नाहीत. स्फोटाचा आवाज गावोगाव पोचतो, मंत्री येतात, वर्तमानपत्रे छायाचित्रे छापतात.

पण रोगाला आवाज नसतो. फुप्फुसात दगडाची धूळ बसते ती मुकाट्याने बसते. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा या देशात कारखान्यांचा कायदाच नव्हता. पहिला कायदा १८८१ चा. त्या गिरणीच्या आणि पुढे निघालेल्या मॉडेल मिलच्या भोंग्यावर आपल्या कित्येक घरांचा दिवस उगवत असे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची एक खूण अशी की, आठवड्याच्या सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते आणि मग आठवडाभरात थोडे हलके वाटू लागते. आपल्या किती आजोबांना असे होत असेल! घरात आपण त्याला दमा म्हटले, बिडीचा परिणाम म्हटले, वय झाले म्हटले. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारास विणाई खात्यात प्रवेश नसे, कारण तेथे तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि त्याने सूत ‘विटाळे’. आता हे ध्यानात घ्या की, विणाईपेक्षा पिंजण आणि कताई या खात्यांत कापसाची धूळ अधिक असते. विटाळाच्या नियमाने एकीकडे आपली मजुरी कमी केली, आणि दुसरीकडे आपल्या छातीत धूळ भरली. मजुरीचा हिशेब बाबासाहेबांनी मांडला. धुळीचा हिशेब कोणी ठेवलाच नाही.

तीच गोष्ट आपल्या जिल्ह्यातील मनसर, कांद्री, गुमगावच्या मँगनीज खाणींची आणि कामठी, उमरेड भागातील कोळसा खाणींची. तेथे १९५२ च्या खाण अधिनियमाच्या २५ व्या कलमाने रोगाची सूचना देणे बंधनकारक केले होते. परंतु रोग कळवावयाचा तर आधी तो ओळखला पाहिजे. आणि ओळखणारा डॉक्टर बहुधा मालकाच्या पगारावर असतो. कारखाने अधिनियमाने डॉक्टरवरही सूचनेचे बंधन घातले होते आणि ते मोडल्यास दंड ठेवला होता एक हजार रुपयांपर्यंत! एका माणसाच्या फुप्फुसाची किंमत कायद्याने काय ठरविली, ते यावरून समजून घ्या. शिवाय असा रोग वीस-वीस वर्षांनी डोके वर काढतो. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, ठेकेदार बदललेला असतो, गिरणीच्या जागेवर इमारती उभ्या राहिलेल्या असतात.

शब्दांचा खेळ

नोंद टाळण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो व्याख्येचा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की, हाताने मैला उचलण्याच्या कामामुळे देशात एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. हे ऐकून ज्यांच्या घरचा कर्ता गटारात गुदमरून मेला त्यांना काय वाटले असेल? त्याच वर्षी त्याच सरकारने संसदेत हेही मान्य केले की, मागील पाच वर्षांत गटारे व शौचटाक्या साफ करताना तीनशेहून अधिक माणसे मेली. मग दोन्ही विधाने खरी कशी? तर २०१३ च्या कायद्यात ‘हाताने मैला उचलणे’ आणि ‘गटाराची धोकादायक सफाई’ अशा दोन निरनिराळ्या व्याख्या आहेत म्हणून! माणूस तोच, मैला तोच, मरण तेच. केवळ रकाना बदलला आणि मृत्यूंचा आकडा शून्य झाला.

पण याच प्रश्नावर आपल्याला शिकण्यासारखेही एक उदाहरण आहे. सफाई कर्मचारी आंदोलन या संघटनेने २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि सरकार नाही म्हणत असता देशभरातून पुरावे गोळा करून न्यायालयापुढे ठेवले. २७ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, १९९३ पासून गटारात मेलेल्या सर्वांची कुटुंबे शोधून प्रत्येकी दहा लाख रुपये द्यावेत. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम तीस लाख केली. सरकारच्या वहीत जे नव्हते ते लोकांनी आपल्या वहीत लिहिले, आणि त्या वहीपुढे सरकारला मान तुकवावी लागली.

तीन आक्षेप

माझे म्हणणे ऐकून तीन प्रकारचे लोक तीन आक्षेप घेतील. त्यांस उत्तर देणे अवश्य आहे.

मालक म्हणतात, कागद फार झाले, निरीक्षकांचा जाच वाढतो, उद्योग बुडतात. त्यांना मी विचारतो की, आपण किती नग केले, किती खपले, किती मोडले याची तुम्ही दररोज नोंद ठेवता ना? एक पत्रा वाया गेला तर त्याची नोंद होते. मग माणूस वाया गेला तर त्याच्या नोंदीचाच तुम्हास जाच का व्हावा? आणि निरीक्षकाचे म्हणाल, तर नव्या संहितेने त्याच्या नावापुढे ‘सुविधाकर्ता’ हे पदही जोडले आहे. आता सुविधा कोणाची करावयाची, मालकाची की कामगाराची, हे सरकारने एकदा स्पष्ट सांगावे. शिवाय या संहितेत आस्थापना म्हणजे सर्वसाधारणपणे जेथे दहा किंवा अधिक कामगार आहेत ती जागा. ज्या नऊ माणसांच्या टपरीवजा कारखान्यांत आपली मुले बोटे गमावतात, ती जागा या हिशेबातूनच वगळली गेली आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. आई म्हणते, “बाळा, तक्रार करू नको, आहे ती नोकरी जाईल.” ही भीती खोटी नाही आणि तिची थट्टा मी करणार नाही. पण मला सांगा, त्या मुलाने तोंड बंद ठेवले म्हणून त्याची नोकरी राहिली काय? नोंद न करण्याची किंमत आपण तत्काळ देत नाही एवढेच. ती तीन महिन्यांनी, दुप्पट होऊन येते. आणि पुढच्याच महिन्यात त्याच यंत्रावर, तीच जाळी काढलेली असताना, दुसऱ्याचा मुलगा उभा राहतो.

तिसरा आक्षेप शिकलेल्यांचा. ते म्हणतात, हे काम कामगार संघटनांचे. धर्मांतरित समाजाने यात का पडावे? त्यांना मी इतिहासाची आठवण देतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी बजाविले होते की, कामगारांचे शत्रू दोन आहेत: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले आणि मजुराची स्थिती डोळ्यांनी पाहून आले. आज देशभरातील कारखान्यांच्या अपघातांचे आकडे ज्या महासंचालनालयाकडे गोळा होतात, त्याचा प्रारंभ १९४५ मध्ये त्यांच्याच मजूर खात्यात, कारखान्यांचे मुख्य सल्लागार या कार्यालयाच्या रूपाने झाला. ज्या घराचा पाया बाबासाहेबांच्या खात्याने घातला, त्यात आपल्याच माणसांची जखम शिरू शकत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे काय?

आणि नोंदीचे सामर्थ्य आपल्याला परक्याने शिकवावे अशी तर स्थितीच नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात धम्मदीक्षा झाली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सत्तावीस लाखांहून अधिक भरली. गणना करणारा दारात आला तेव्हा आपल्या आजी-आजोबांनी निक्षून सांगितले, “बौद्ध लिहा.” त्यांच्यापैकी कित्येकांना अक्षरओळखही नव्हती. पण दुसऱ्याने आपल्याविषयी काय लिहावे, हे आपण सांगावयाचे असते, एवढे त्यांना कळले होते. तेच आता कारखान्याच्या फाटकात करावयाचे आहे.

काय करावे?

प्रथम, जखमी माणसाने किंवा त्याच्यासोबत गेलेल्याने डॉक्टरास खरे तेच सांगावे आणि कागदावर ‘कामावर असताना दुखापत’ हे शब्द, कारखान्याचे नाव, यंत्र व वेळ यांसह लिहवून घ्यावेत. कागद वाचून पाहिल्याशिवाय सही अगर अंगठा देऊ नये. मालकाने खर्च केला तर तो घ्यावा. पण औषधाच्या मोबदल्यात सत्य देऊ नये.

दुसरे, अपघाताची लेखी सूचना मालकास द्यावी, ती दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. पोच न दिल्यास रजिस्टर टपालाने पाठवावी. कामगार विमा योजना आपल्या राज्यात प्रथम नागपुरातच १९५४ मध्ये सुरू झाली. तिच्या १९५० च्या विनियमांनी मालकावर अपघात-वही ठेवण्याचे बंधन घातले होते, आणि त्या वहीत जखमीच्या वतीने दुसऱ्यानेही नोंद केली तरी ती सूचना पुरेशी मानली होती. म्हणून वही मागा. ठेकेदाराकडे काम करीत असाल, तर सूचना ठेकेदार आणि मूळ मालक या दोघांनाही द्या. भरपाईच्या दाव्यासाठी दोन वर्षांची मुदत मनात पक्की धरा. रडण्यात व आश्वासनांत ती निघून जाते.

तिसरे, नव्या संहितेच्या चौदाव्या कलमाने आपल्या सुरक्षिततेविषयी मालकाकडून माहिती मिळविण्याचा हक्क कामगारास दिला आहे. यंत्राची जाळी काढली असेल, तर अपघात होण्यापूर्वीच तो वापरा. आणि दहा रुपयांचे तिकीट लावून माहितीच्या अधिकाराखाली विचारा की, अमुक कारखान्यातून किती सूचना आल्या.

चौथे, आणि हेच मला मुख्यतः सांगावयाचे आहे. प्रत्येक बुद्ध विहारात एक वही ठेवा. वस्तीत ज्या कोणाला कामावर इजा झाली, ज्या कोणाला धुळीचा, रसायनाचा, गोंगाटाचा विकार जडला, त्याची तारीख, जागा, काम, ठेकेदार आणि दवाखाना त्या वहीत लिहा. वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे. जात-धर्म न पाहता शेजारच्या कामगाराचीही नोंद घ्यावी, कारण यंत्र जात विचारीत नाही. मात्र त्या माणसाच्या संमतीवाचून त्याचे नाव बाहेर जाऊ देऊ नये. वर्षाअखेर वहीतील आकडा सरकारच्या आकड्याशेजारी ठेवावा. मग सरकारला उत्तर द्यावे लागेल.

सरकारकडे आपली मागणी तीन गोष्टींची असावी. अमेरिकेत मालकास वर्षभरातील इजांचा गोषवारा दर वर्षी १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल कामाच्या जागी लावावा लागतो आणि कामगाराने इजांच्या नोंदवहीची प्रत मागितल्यास ती दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर द्यावी लागते. तसा नियम येथे व्हावा. सरकारचे कर्मचारी रोजगाराची पाहणी करण्यासाठी आपल्या घरी येतात, तेव्हा कामावरील इजा आणि आजार यांचा प्रश्न त्यांनी दर वर्षी कामगारालाच विचारावा. आणि ठेकेदाराच्या माणसाची इजा मूळ मालकाच्या नावे मोजावी.

मी सांगितलेल्या मुलाने परवा मला विचारले, “वकीलसाहेब, आता त्या वहीत माझे नाव लिहिता येईल काय?” मी म्हणालो, “मालकाच्या वहीत नाही. आपल्या वहीत येईल.” त्याने डाव्या हाताने आपले नाव लिहिले. आमच्या विहारातील वहीचे ते पहिले नाव आहे. तुमच्या विहारातील पहिले नाव कोणाचे, ते तुम्ही ठरवावयाचे आहे.

जय भीम.